मातीचा बांध आणि त्याची राखण

देहू व आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या उत्तर तीरावर निघोजे हे गाव वसलेले आहे. चाकणकडील माळावरून उतरणारे ओढे पावसाळ्यात दुथडी वाहतात व उन्हाळ्यात ठणठणीत कोरडे पडतात. अशा मुलखात ओढ्यास आडवा मातीचा बांध घालणे हा जुनाच उपाय होय. बांधामुळे पुराचा लोंढा थोपतो, साचलेले पाणी मुरुमातून व भेगाळ खडकातून सावकाश मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींस पाझर फुटतो.

१९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांची कामे महाराष्ट्रभर निघाली. आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरीच्या वडीलधाऱ्या स्त्रीपुरुषांपैकी कित्येकांनी त्या कामांवर घमेली वाहिली असतील. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम मिळाले, पोट भरले, तलावही झाले; परंतु झालेला तलाव राखावयाचा कोणी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मातीचा बांध दिसावयास साधा, पण मोठा नाजूक. कठीण थर लागेपर्यंत चर खणून तो चिकण मातीने भरावा लागतो. पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांस मुरूम, पाण्याकडील उतारावर दगडांचे अस्तर. आणि प्रत्येक थर पाणी शिंपून दाबलेला. एका बाजूस सांडवा हवाच. दगडी बांधावरून पाणी गेले तरी तो बहुधा तग धरतो. मातीच्या बांधावरून गेले की बांध त्या पाण्याबरोबरच निघतो. पानशेतचे धरण मोठे, तरी मातीचेच होते. पहिल्याच पावसाळ्यात, १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि पुण्यात काय झाले ते सर्वश्रुत आहे.

लहान धरणाची गोष्ट त्याहून निराळी नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. पायथ्याच्या भेंदवाडीतील घरे गेली व वीसांच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी बांध पोखरला, असे एका मंत्र्यांनी सांगितले! खेकडा बीळ करतो हे खरे; पण ते बुजविणाऱ्याने कोठे जावे?

निघोजे परिसरात आता चाकणची औद्योगिक वसाहत आहे. पूर्वी बांधाखाली ज्याची विहीर, तो आपण होऊन बांधाकडे पाही. जमीन विकली गेली की ती नजरही जाते. भराव टाकताना ओढ्याचे पात्र अरुंद होते, सांडव्याची वाट बुजते आणि पाणी बांधावरून वाट शोधते.

ज्यांच्या गावी असा बांध अद्याप उभा आहे, त्यांनी पावसाळ्यात त्याच्या खालच्या पायथ्याशी जाऊन पाझर पाहावा. पाणी नितळ व एकसारखे असेल तर सहसा चिंता नको. गढूळ आले तर पोटातली माती वाहू लागली असे समजावे, आणि खालच्या वस्तीस त्याच घटकेस हलवून मग तहसील कचेरीस वर्दी द्यावी.