पाणबुड्यांचे खूणदिवे

खूणदिवा म्हणजे रात्री किंवा अंधाऱ्या पाण्यात उतरलेल्या पाणबुड्याचे स्थान सोबत्यांना कळावे म्हणून त्याच्या अंगावर बांधलेला लहान दिवा होय. हातातील विजेरीमुळे पाणबुड्याला दिसते; खूणदिव्यामुळे पाणबुड्या इतरांना दिसतो. विजेरी विझली तरी हा दिवा चालू राहावा लागतो. तो बहुधा पाठीवरील हवेच्या टाकीच्या तोटीजवळ बांधतात.

प्रकार

रासायनिक कांडी वाकवली असता आतील काचेची कुपी फुटते, दोन द्रावणे मिसळतात व उष्णतेविना प्रकाश निर्माण होतो. ती एकदाच वापरता येते आणि थंड पाण्यात मंद पडते. बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा पुन्हा पुन्हा वापरता येतो.

रंगांची निवड

पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. स्वच्छ समुद्रात निळा, तर गढूळ पाण्यात हिरवा-पिवळा प्रकाश तुलनेने दूरवर पोहोचतो. पाणबुड्यांच्या अंगावरील दिव्यांच्या रंगांना जगभर एकच ठरावीक अर्थ नाही. त्यामुळे पथकप्रमुखाचा रंग, इतरांचा रंग आणि परतीच्या दोरावरील दिवा हे सर्व पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवावे लागते. लुकलुकणारा दिवा अनेक पथके संकटासाठी राखून ठेवतात. नावेचे दिवे मात्र निश्चित आहेत: समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, पाणबुड्यांचे काम चालू असलेली लहान नाव रात्री एकाखाली एक तांबडा, पांढरा व तांबडा असे तीन दिवे लावते.

वऱ्हाडातील संदर्भ

अमरावती जिल्ह्यातील अप्पर वर्धा आणि अकोला जिल्ह्यातील काटेपूर्णा यांसारख्या जलाशयांत पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ वाहून येतो. अशा पाण्यात दिवसाही थोड्याच खोलीवर अंधार होतो. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांनंतरचे शोधकार्य बहुधा याच गढूळ पाण्यात करावे लागते.

मर्यादा

गाळाचे कण प्रकाश विखुरतात. त्यामुळे प्रखर विजेरीने पुढचे दिसण्याऐवजी डोळ्यांसमोर केवळ उजेडाचा पडदा उभा राहतो. दाट गाळात खूणदिवाही हातभर अंतरावरून दिसेनासा होऊ शकतो. म्हणून तेथे काठावरील किंवा नावेतील माणसाच्या हाती असलेला दोर हाच मुख्य आधार असतो. दोराच्या हिसक्यांचे अर्थही आधीच ठरवतात. पाणबुड्या पृष्ठभागावर आल्यावर तो अंधारात चटकन सापडावा, यासाठी खूणदिवा तेथेही उपयोगी पडतो.