कलौंजीचे तेल शरीरातले शिसे बाहेर काढते का?

कलौंजीचे किंवा ऑलिव्हचे तेल घेतल्याने शरीरातले विषारी धातू निघून जातात, असा मजकूर तुम्ही वाचला असेल. त्यामागे संशोधन आहे, पण ते मुख्यतः प्राण्यांवरचे आहे आणि त्याचा अर्थ जरा वेगळा आहे.

शिसे आणि कॅडमियम पेशींतल्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात. पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन त्यामुळे कमी पडते आणि यकृत, मूत्रपिंड यांना इजा होते. शिसे हिमोग्लोबिन तयार होण्यातही अडथळा आणते. प्रयोगात उंदरांना लेड ॲसिटेट किंवा कॅडमियम क्लोराइड देतात आणि त्यांतल्या एका गटाला सोबत तेलही देतात. अशा अनेक प्रयोगांत तेल मिळालेल्या उंदरांचे यकृत आणि मूत्रपिंड तुलनेने कमी बिघडले. कलौंजीतले थायमोक्विनोन, ऑलिव्हमधली पॉलिफेनॉल्स आणि ‘ई’ जीवनसत्त्व यांना याचे श्रेय दिले जाते. (कलौंजीला काही जण कांद्याचे बी म्हणतात, ते खरे नाही.)

मात्र या प्रयोगांत तेल बहुधा धातूच्या आधी किंवा सोबत दिलेले असते आणि सगळा प्रकार काही आठवड्यांत संपतो. माणसाच्या शरीरात शिसे वर्षानुवर्षे थोडे थोडे जाते. मोठ्यांमध्ये त्यातले ९० टक्क्यांहून अधिक हाडांत साठते आणि तिथे दशकानुदशके राहते. पेशींची इजा कमी होणे वेगळे आणि साठलेला धातू बाहेर पडणे वेगळे. म्हणून शिशाच्या विषबाधेवर उपचार म्हणून मी कोणालाही तेल सुचवत नाही.

बॅटरी, सोल्डरिंग किंवा जुना रंग खरवडण्याचे काम तुमच्या घरात कोणी करत असेल, तर रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या. कामाच्या कपड्यांवरची धूळ मुलांपर्यंत पोहोचते. भस्मयुक्त औषधे घेत असाल तर डॉक्टरांना नावासकट सांगा. नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म. पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचेही आढळले आहे. मुलाला पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय असेल किंवा ते अभ्यासात मागे पडत असेल, तर हा विचार मनात यायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार, प्रति डेसिलीटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास ते कुठून येते हे शोधून बंद करायचे. मुलांमध्ये आकडा ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर सक्सिमरसारखे औषध लागते, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. लोह आणि कॅल्शियम कमी असल्यास आतड्यातून शिसे जास्त शोषले जाते, त्यामुळे त्यांची कमतरता भरून काढणे तेलाच्या बाटलीपेक्षा उपयोगी.

स्वयंपाकात ही तेले खुशाल वापरा. कलौंजीचे तेल औषधासारखे रोज घ्यायचे असेल आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी विचारा. साखर अधिक उतरू शकते. बोटाला टोचून घेतलेल्या नमुन्यात शिसे जास्त आले, तर शिरेतून रक्त घेऊन तपासणी पुन्हा करा, कारण त्वचेवरच्या धुळीनेही आकडा वाढतो.