दुधाचा गंज आणि बाळाचें यकृत

अमरावती-अकोल्याकडील जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या फळीवर मांडलेल्या पितळी भांड्यांवरून त्या घराची सुबत्ता ओळखली जाई. पाण्याचे गुंड, दूध तापविण्याचा गंज, लेकीच्या लग्नांत द्यावयाची परात आणि घागर, हीं सारीं चिंचेनें घासून सोन्यासारखीं लखलखत असत. अशाच एखाद्या भांड्यानें आपल्या देशांतील कित्येक तान्ह्या मुलांचा जीव घेतला, असें कोणी सांगितलें असतें तर आपल्या आजीनें तें खरें मानलें नसतें. आणि वैद्यकशास्त्रालाहि तें उमगावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. त्या शोधाचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे. शोध लागला तो मुख्यतः पुण्यास. परंतु ज्या भांड्याची ही कथा आहे, तें वऱ्हाडांतहि घरोघरीं होतें.

१८८७ सालीं कलकत्त्यास सेन नांवाच्या डॉक्टरांनीं लहान मुलांच्या एका यकृतविकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचें मूल. प्रथम तें किरकिरें होई, अंगांत बारीक ताप राही, पोट फुगे आणि बरगडीखालीं यकृताची कडा दगडासारखी हातास लागे. पुढें कावीळ होई, पोटांत पाणी सांठे, आणि बहुधा कांहीं महिन्यांतच सारें आटोपे. ह्या रोगाची तऱ्हा विलक्षण होती. दारिद्र्यानें गांजलेल्या घरापेक्षां ज्यांच्या दारीं दुभतें होतें अशा खाऊनपिऊन सुखी घरांत तो अधिक दिसे. मुलींपेक्षां मुलगे अधिक दगावत. एक मूल गेल्यावर पुष्कळदां त्याच्या पाठचेंहि जाई. तेव्हां हा रोग रक्तांतूनच येतो, असा तर्क निघाला तर नवल नाहीं. रोग वंशांतला ठरला म्हणजे दोष कोणाच्या वंशाचा, हा प्रश्न घरांत निघतोच; आणि त्याचें उत्तर बहुधा सुनेलाच ऐकून घ्यावें लागतें. पदरचें मूल गमावलेल्या आईवर हा दुसरा आघात असे.

१९७८-७९ च्या सुमारास ह्या प्रश्नाला निराळें वळण लागलें. रोगी मुलांच्या यकृताच्या सूक्ष्म तुकड्यांची तपासणी केली असतां त्यांत तांब्याचा प्रचंड सांठा आढळला. निरोगी यकृत वाळवून तोललें तर त्याच्या एका ग्रॅममागें तांबें ५० मायक्रोग्रॅमच्या आंतबाहेर असतें. ह्या मुलांत तें ८०० च्या वर, आणि कित्येकदां त्याच्याहि कितीतरी पट भरलें. मग हें तांबें आलें कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनीं रोगी मुलांच्या आयांना आणि त्याच वयाच्या इतर मुलांच्या आयांना तेच प्रश्न विचारले : वरचें दूध केव्हां सुरू केलें? तें कशांत तापवीत होतां? कशांत ठेवीत होतां? १९८३ सालीं त्यांचें अनुमान प्रसिद्ध झालें. रोगी मुलांना गाईम्हशीचें दूध फार लवकर सुरू झालेलें होतें, आणि तें पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें होतें.

येथें आपल्या गृहिणी म्हणतील कीं, पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो हें आम्हांस कोणी शिकवावयास नको. तें खरेंच आहे. म्हणूनच तर कल्हईवाला गल्लींत आला म्हणजे भाता, नवसागर आणि कथील यांच्या साहाय्यानें भांड्यांना आंतून पांढरें अस्तर चढवून घेत असत. परंतु कल्हई झिजते. आणि ताक कळकलें तर जिभेला समजतें, तसें दुधाचें समजत नाहीं. दूध गोडच राहतें. शिवाय दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवतें. त्यामुळें ह्या भांड्यांत ठेवलेल्या पाण्यापेक्षां दुधांत तांबें अधिक उतरतें. नवजात बालकाच्या यकृतांत जन्मतःच तांब्याचा बराच सांठा असतो, आणि तें पित्तावाटे बाहेर टाकण्याची शक्ति त्याला पुरती आलेली नसते. आईच्या दुधांत तांबें अल्प असतें. म्हणजे कौतुकानें, मूल बाळसें धरावें म्हणून जो पेला दिला जात होता, त्याच पेल्यांतून विष जात होतें.

आंत गेलेलें तांबें बाहेर काढावयाचें कसें, ह्याचें उत्तर युद्धानें अगोदरच दिलें होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ऑक्सफर्ड येथें रुडॉल्फ पीटर्स व त्यांचे सहकारी लेविसाइट नांवाच्या सोमलयुक्त विषारी वायूवर उतारा शोधीत होते. त्यांनीं असें एक द्रव्य तयार केलें कीं, त्याचे दोन हात सोमलाच्या कणाला दोहों बाजूंनीं पकडतात आणि त्याला लघवीवाटे बाहेर नेतात. ह्या पकडीला रसायनशास्त्रांत चीलेशन म्हणतात. खेकड्याच्या नांगीला जो ग्रीक शब्द आहे, त्यावरून १९२० सालीं हें नांव पडलें. ऑक्सफर्डचें औषध मात्र स्नायूंत टोचावें लागे व तें फार दुखे. पुढें १९५६ सालीं जॉन वॉल्श यांनीं पेनिसिलिनपासूनच निघणारें पेनिसिलॅमाइन हें द्रव्य पुढें आणलें. तें पोटांत घेतां येतें आणि तांब्याला पकडतें. यकृतांत व मेंदूंत तांबें सांठविणाऱ्या विल्सनच्या रोगावर तें गुणकारी ठरलें.

हीच नांगी पुण्याच्या डॉक्टरांनीं ह्या बालकांसाठीं वापरून पाहिली. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आशा आणि निराशा दोन्ही होत्या. कावीळ होण्यापूर्वीं औषध सुरू झालें तर कांहीं मुलें वांचत. रोग पुढें गेल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नसे. परंतु जीं वांचलीं त्यांच्याविषयीं १९९६ सालीं आलेली वार्ता आनंदाची होती. त्यांचीं यकृतें पुष्कळ सुधारलीं होतीं, आणि औषध थांबविल्यावरहि रोग परतला नव्हता.

तथापि ह्या रोगाला हटविलें तें औषधानें नव्हे. पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत आयांना सांगण्यांत आलें कीं, बाळाला अंगावर पाजा, आणि वरचें दूध द्यावेंच लागलें तर तें पितळेंत तापवूं नका. त्याच सुमारास स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घरोघर आलीं. १९९० नंतरच्या दशकांत हा रोग आपल्या रुग्णालयांतून जवळजवळ नाहींसा झाला. भांडें तेंच असूनहि सर्वच मुलें आजारी पडत नसत. म्हणून अंगच्या प्रवृत्तीचाहि त्यांत कांहीं वांटा असावा, असें अनेक तज्ज्ञ मानतात. परंतु हा केवळ भारतीय रक्ताचा दोष नव्हे, ह्याची साक्ष युरोपांतून मिळाली. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतांत १९०० पासून १९७४ पर्यंत १३८ बालकें अशाच रोगानें गेल्याचें १९९६ सालीं उघडकीस आलें. तेथेंहि गाईचें दूध होतें, आणि भांडीं कल्हई नसलेलीं, तांब्यापितळेचींच होतीं. तीं बदललीं आणि रोग संपला.

ह्यावरून नांगीचें औषध निरुपयोगी, असें मात्र कोणी समजूं नये. थॅलेसेमियासारख्या रक्तविकारांत मुलाला वारंवार रक्त द्यावें लागतें, आणि त्या रक्ताबरोबर येणारें लोह हृदयांत व यकृतांत सांठतें. तेथें धातु दाराबाहेर ठेवणें शक्यच नसतें. तेव्हां अमरावती-अकोल्याच्या अशा मुलालाहि लोह पकडणारें औषध हाच आधार. पण नांगीला आपपर ओळखतां येतेंच असें नाहीं. ती शरीराला हव्या असलेल्या धातूंनाहि पकडते. अमेरिकेंत २००३ ते २००५ ह्या काळांत अशाच एका औषधानें रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं उतरून दोन मुलें व एक प्रौढ व्यक्ति मृत्यु पावल्याची नोंद आहे. शरीर शुद्ध करून देतों अशा जाहिरातींना भुलून, रक्ताची तपासणी व तज्ज्ञाचा सल्ला यांवांचून असें औषध घेणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय.

वाडवडिलांचीं पितळी भांडीं मोडींत घालावींत, असें माझें म्हणणें नाहीं. तीं कल्हई करून अवश्य वापरावींत. फक्त तान्ह्या बाळाचें दूध त्यांत ठेवूं नये. आणि घरांत एखाद्या मुलाला असाध्य दुखणें जडलें, तर त्याच्या आईच्या कुळाची चौकशी करण्यापूर्वीं चुलीवरच्या भांड्याची करावी. पुण्याच्या त्या डॉक्टरांनीं नेमकें तेंच केलें, आणि म्हणून जो दोष इतकीं वर्षें रक्तावर लादला जात होता, तो अखेर दुधाच्या गंजांत सांपडला.