मेणवलीची घंटा आणि दप्तर

वाईहून कृष्णाकांठानें वर गेलें कीं मेणवली हें लहानसें गांव लागतें. नाना फडणवीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, यांस हें गांव इ. स. १७६८ त मिळालें. त्यांनीं येथें वाडा उठविला, नदीवर अर्धचंद्राकृति घाट बांधिला आणि शेजारीं मेणेश्वराचें देऊळ. घाटावरील घुमटींत टांगलेली घंटा मात्र मूळची देवळाची नव्हे. तीवर बाल येशूसह मरियेची आकृति व १७०७ हा सन आहे. चिमाजीआप्पांनीं १७३९ त वसई जिंकिली, त्या विजयाची ही खूण. शिवालयाशेजारीं ती निमूटपणें नांदली, हेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे.

१८०० त नाना वारले. मागें राहिल्या जिऊबाई, निव्वळ बालविधवा! दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर. तेव्हां त्यांस आधीं लोहगडाचा, पुढें इंग्रजांच्या अभयाचा आश्रय घ्यावा लागला. अखेरीस त्या मेणवलीस येऊन राहिल्या. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ त जळाला. मेणवलीचा वाडा वांचला आणि त्यासवें नानांच्या कागदांचे रुमालहि. पुढें दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं हें दप्तर उजेडांत आणिलें. त्याचा मोठा भाग सध्यां पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आहे.