बाकूमधील तेलसमृद्धी आणि सामाजिक परिवर्तन (१८७२ ते १९०५) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :
खनिज तेल सापडले की प्रदेशाचा कायापालट होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कास्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बाकू शहराचा इतिहास या समजुतीचा फेरविचार करावयास लावतो. आज अझरबैजानची राजधानी असलेले बाकू १९ व्या शतकाच्या प्रारंभी रशियन साम्राज्यात समाविष्ट झाले. तेथील आब्शेरोन द्वीपकल्पातील तेल शतकानुशतके लोकांना ठाऊक होते. हाताने खणलेल्या विहिरींतून ते उपसले जाई आणि चामड्याच्या बुधल्यांतून दूरवर पाठविले जाई. १८४६ मध्ये बिबी-हेबत येथे यांत्रिक छिद्रणाचा प्रयोगही झाला होता. असे असूनही १८६० च्या दशकात बाकू हे साधारण १४ हजार वस्तीचे छोटे बंदरच होते. तेलाच्या अस्तित्वापेक्षा तेलाची मालकी, वाहतूक आणि नफ्याचा विनियोग यांविषयीच्या व्यवस्थेने तेथील परिवर्तनाची दिशा ठरविली, हे प्रस्तुत निबंधात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मक्तेदारीचा अंत व उद्योगाची वाढ :
१८७२ पर्यंत तेलविहिरी सरकार ठरावीक मुदतीच्या मक्त्याने देत असे. मुदत संपल्यावर विहीर आपल्याकडे राहील याची शाश्वती नसल्यामुळे मक्तेदार खोल छिद्रण वा नवी यंत्रे यांवर खर्च करण्यास उत्सुक नसत. १८७२ मध्ये ही पद्धत रद्द झाली आणि तेलजमिनींचा जाहीर लिलाव करण्यात आला. १८७७ मध्ये केरोसीनवरील उत्पादनशुल्कही उठविण्यात आले. परिणाम विलक्षण झाला. १८७२ मध्ये सुमारे २५ हजार टन असलेले वार्षिक उत्पादन १९०१ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख टनांवर पोहोचले. त्या वर्षी जगातील निम्म्याहून अधिक तेल एकट्या बाकू परिसरातून निघत होते.

या वाढीत वाहतुकीचा वाटा मोठा होता. १८७३ मध्ये बाकूस आलेल्या रॉबर्ट नोबेल यांनी तेथे शुद्धीकरणाचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे बंधू लुडविग यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये बालाखानीच्या विहिरींपासून शुद्धीकरण कारखान्यांपर्यंत नळ टाकण्यात आला आणि त्याच वर्षी 'झोरोआस्टर' हे तेलवाहू जहाज कास्पियनमध्ये आले. तोपर्यंत पिंपे भरून आर्बा नावाच्या दुचाकी गाड्यांतून तेल वाहिले जात असे. नळामुळे गाडीवान व पिंपे बनविणारे कारागीर यांच्या पोटावर पाय आला. त्यांच्या हल्ल्यांपासून नळाचे रक्षण करण्यासाठी पहाऱ्याचे मनोरे उभारावे लागले. १८८३ मध्ये बाकू ते बातुमी हा लोहमार्ग पूर्ण होऊन काळ्या समुद्राचा मार्ग खुला झाला. १८८६ पासून रॉथशिल्ड घराण्याचे भांडवलही या व्यवसायात उतरले. १८९२ मध्ये 'म्युरेक्स' हे जहाज बातुमीचे केरोसीन घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. मराठी घरांत घासलेट वा रॉकेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या इंधनाच्या भारतीय बाजारपेठेतही त्या काळात रशियन तेलाने अमेरिकन तेलाशी स्पर्धा केली.

संपत्तीचे स्वरूप :
नव्या संपत्तीत दैवाचा भाग मोठा होता. १८८३ मध्ये बालाखानी येथील 'द्रुझ्बा', म्हणजे 'मैत्री', नावाच्या विहिरीतून तेलाचा प्रचंड कारंजा उसळला. तो आवरता न आल्याने शेजारच्या मालमत्ता तेलात बुडाल्या आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांनी मालकाचे दिवाळे निघाले. याउलट, चर्मकाराचा मुलगा असलेले व तरुणपणी गवंडीकाम केलेले हाजी झैनलआबदीन तागीयेव बिबी-हेबत येथील कारंजामुळे कोट्यधीश झाले. त्यांनी १८९७ मध्ये आपला तेलव्यवसाय ब्रिटिश भांडवलदारांस विकला आणि कापड गिरणीसारख्या अन्य उद्योगांत पैसा गुंतविला. १८८३ मध्ये त्यांनी नाट्यगृह बांधले होते, तर १९०१ मध्ये त्यांच्या देणगीतून मुस्लिम मुलींची शाळा सुरू झाली. तेलाचा पैसा समाजोपयोगी संस्थांत कसा रूपांतरित होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र ते एका व्यक्तीच्या औदार्यावर अवलंबून होते.

नगर, श्रम व सामाजिक दुभंग :
१८९७ च्या जनगणनेत बाकूची लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार नोंदली गेली. मूळ मुस्लिम रहिवासी आता एकूण वस्तीच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक उरले होते. रशियन व आर्मेनियन लोकांचे प्रमाण बरेच वाढले होते आणि इराणच्या उत्तर भागातून हजारो मजूर येत होते. कुशल व देखरेखीची कामे प्रामुख्याने रशियन, आर्मेनियन व युरोपीय लोकांकडे होती. सर्वांत घाणीची व कमी वेतनाची कामे स्थानिक आणि इराणी मुस्लिमांच्या वाट्यास येत. त्यामुळे आर्थिक विषमतेची रेषा धर्म व वंश यांच्या रेषांवरच पडली. नगरपालिकेत मालमत्तेची अट आणि बिगर-ख्रिस्ती सदस्यसंख्येवरील मर्यादा असल्याने या असंतोषास सनदशीर वाट अपुरी पडली.

शुद्धीकरण कारखान्यांचा भाग धुराने माखल्यामुळे 'काळे शहर' म्हणून ओळखला जाऊ लागला. शहरास गोड्या पाण्याची तीव्र टंचाई होती. बातुमीपर्यंत केरोसीन वाहून नेणारी नळवाहिनी १९०६ मध्ये पूर्ण झाली. शोल्लारच्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात येण्यास मात्र १९१७ उजाडले. तेलाच्या पहिल्या नळानंतर पाण्याचा हा नळ येण्यास ३९ वर्षे लागावीत, यातच त्या समृद्धीचा अग्रक्रम दिसतो.

कामगारांनी १९०३ मध्ये सार्वत्रिक संप केला. डिसेंबर १९०४ च्या संपानंतर मालक व कामगार यांच्यात झालेला सामूहिक करार रशियन साम्राज्यातील अशा प्रकारचा पहिला करार मानला जातो. परंतु फेब्रुवारी १९०५ मध्ये मुस्लिम व आर्मेनियन यांच्यात भीषण दंगली उसळल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्याअखेर झालेल्या हिंसाचारात तेलक्षेत्रेच पेटविण्यात आली. बाकूचे उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळजवळ एक-तृतीयांशाने घटले आणि १९०१ चा उच्चांक झारशाही संपेपर्यंत पुन्हा गाठता आला नाही.

सुराखानीचा साक्षीदार :
बाकूनजीक सुराखानी येथील आतेशगाह हे अग्निमंदिर भूगर्भातील वायूच्या ज्योतींभोवती उभे आहे. भारतीय व्यापारी व साधू तेथे येत. त्यामुळे त्याच्या भिंतींवर देवनागरी व गुरुमुखी लिपींतील शिलालेख आढळतात. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या शेजारीच तेल शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला आणि शतकअखेर उपासक तेथून नाहीसे झाले. १९६९ मध्ये ती नैसर्गिक ज्योतही विझली. पुढे नळाने आणलेल्या वायूवर ती पेटविली गेली. पूजेचा विषय असलेली भूमी उत्पादनाचे साधन कशी बनली, याची ही वास्तू साक्ष देते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, बाकूच्या भरभराटीचा खरा आरंभ १८७२ च्या मालकीविषयक बदलात होता. वाहतुकीच्या साधनांनी स्थानिक उत्पादन जागतिक बाजाराशी जोडले. परंतु नफ्यातून पाणी, निवारा व समान संधी निर्माण करणारी सार्वजनिक व्यवस्था त्याच वेगाने उभी राहिली नाही. ज्या श्रमविभागणीने तेल स्वस्तात निघाले, तिनेच समाज दुभंगला आणि अखेर त्या दुभंगाची आग तेलविहिरींपर्यंत पोहोचली. १९२० मध्ये सोव्हिएत राजवटीने हा उद्योग सरकारी मालकीचा केला. तागीयेव यांची संपत्तीही जप्त झाली. प्रदेशाचा विकास उत्पादनाच्या आकड्यांवरून मोजताना त्या आकड्यांतील वाटा कोणाला किती मिळाला, हेही तपासावे लागते, हाच बाकूच्या इतिहासाचा बोध होय.