मोटारीचा श्वास आणि सोलापूरची धूळ

सन २००३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हवेच्या दूषितपणासंबंधींच्या एका दीर्घकाळ चाललेल्या खटल्यांत कांहीं शहरांचीं नांवें घेतलीं. मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, कानपूर, लखनौ, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून सोलापूर! चादरींचें, जुन्या गिरण्यांचें आणि सिद्धेश्वराच्या यात्रेचें हें गांव महानगरांच्या या पंगतीला कशामुळें जाऊन बसलें? लोकसंख्येमुळें खासच नव्हे. श्वासाबरोबर फुफ्फुसांत उतरणाऱ्या बारीक धुळीचें जें मोजमाप न्यायालयापुढें ठेवण्यांत आलें, त्यांत सोलापूरचा आंकडा या मोठ्या शहरांच्या तोडीचा भरला होता.

या नामोल्लेखाचा परिणाम सोलापुरांतील मोटारींच्या अंतरंगापर्यंत जाऊन पोंचला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून केंद्र सरकारनें त्याच वर्षीं मोटारींच्या इंधनाचें जें धोरण ठरविलें, त्यांत कडक नियम प्रथम लागूं व्हावयाच्या अकरा शहरांत सोलापूर नव्हतें. पुढें लखनौ व सोलापूर हीं दोन त्यांत मिळविण्यांत आलीं, आणि १ एप्रिल २०१० पासून 'भारत स्टेज चार' हे नियम ज्या तेरा नागरी क्षेत्रांसाठीं ठरले, त्यांत सोलापूरची गणना झाली. सबंध देशास ते लागूं होण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत पंढरपुरास वा बार्शीस नवी गाडी घेणाऱ्यावर जें बंधन नव्हतें, तें सोलापूरकरावर होतें. पेट्रोलांतील गंधकाची मर्यादाहि शहरापुरती दशलक्ष भागांत १५० वरून ५० वर आली. अर्थात् पुणें-हैदराबाद रस्त्यानें शहरांतून जाणाऱ्या परगांवच्या मालमोटारींना वेशीवर कोण अडविणार, हा प्रश्न होताच.

नियम बसला तो धुराच्या नळीवर. पण धूर शुद्ध राखावयाचा तर इंजिनानें आधीं किती हवा आंत घेतली हें जाणणें प्राप्त होतें. हें काम करण्याचा एक मार्ग म्हणजे मास एअर फ्लो सेन्सर. मराठींत त्यास हवेचा वजनकांटा म्हणण्यास हरकत नाहीं.

हवेचें वजन कशाला करावयाचें, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागें जवळजवळ अकरा किलो, आकारानें सुमारें नऊ हजार लिटर! आणि हवेचा आकार हा फार फसवा असतो. पौष महिन्यांतील पहाटे पारा १५ अंशांवर असतांना सोलापूरची जी हवा असते, तीच वैशाखांत ४२ अंशांवर तापली म्हणजे तेवढ्याच जागेंत आठ-नऊ टक्क्यांनीं हलकी भरते. त्यांत हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच. तेथें दाबामुळें आणखी पांचेक टक्के उणे होतात. दूध मापानें घेतांना पाण्याची शंका येते, तशीच हवा मापानें घेतांना उन्हाची शंका धरावी लागते.

१८९३ मध्यें विल्हेल्म मायबाख यानें फवाऱ्याचा कारब्यूरेटर सिद्ध केला. अरुंद गळ्यांतून वेगानें जाणारी हवा आपल्याबरोबर पेट्रोल ओढून घेते, या साध्या युक्तीवर पुढें ऐंशी-नव्वद वर्षें जगांतील बहुतेक मोटारी धांवल्या. मात्र हवा पातळ झाली कीं मिश्रणांत पेट्रोल अधिक पडे, आणि मिस्त्री पेंचकस घेऊन तें बेताबातानें जुळवी. धूर तपासणारें कोणी नव्हतें तोंवर एवढें पुरेसें होतें. धुरांतील विषारी वायु निवविणारा उत्प्रेरक नळींत बसूं लागल्यावर मात्र हा अंदाजपंचे कारभार चालेना, कारण १४.७ च्या अगदीं जवळपास मिश्रण राहिलें तरच तो उत्प्रेरक तिन्ही विषारी वायूंवर आपलें काम करतो. भारतांत चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ मध्यें सक्तीचा झाला, आणि कारब्यूरेटरचे दिवस भरत आले.

वजनकांट्याचें मूळ मात्र मोटारींत नाहीं. कॅनडांतील मॉन्ट्रिअल येथील मॅक्गिल विद्यापीठांत लुई व्हेसो किंग या पदार्थविज्ञानवेत्त्यानें तापलेल्या बारीक प्लॅटिनम तारेवरून वारा गेला असतां ती किती उष्णता गमावते, याचें गणित बसवून १९१४ मध्यें तें प्रसिद्ध केलें. बशींतील चहावर फुंकर घालणाऱ्या प्रत्येकास या तत्त्वाचा अनुभव आहे. तार ठराविक तापमानावर टिकवून धरावयाची. वारा वाढला कीं ती निवूं पाहते, म्हणून अधिक वीज द्यावी लागते. आणि ही वीज मोजली कीं वारा मोजला गेला. शिवाय दाट हवा अधिक निववते, पातळ हवा कमी. त्यामुळें उत्तर आपोआप वजनाचें येतें, आकाराचें नव्हे.

जर्मनींतील बॉश कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत प्रथम हवेच्या झोतानें उघडणारी झडप बसवून पाहिली. परंतु ती आकारच मोजी. १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत तिनें किंगची तार मोटारींत आणली. तार केवळ ०.०७ मिलिमीटर जाड! तिच्यावर मळ बसूं नये म्हणून इंजिन बंद होतांच ती क्षणभर हजार अंशांपर्यंत तापवून मळ जाळून टाकण्याची सोय होती. पुढें तारेच्या जागीं तापलेला पातळ पापुद्रा आला. त्यास अशी जाळण्याची सोय नसते. जड कण बाजूनें निघून जावेत अशी वाट मात्र आंत केलेली असते.

सर्वच गाड्यांत हें यंत्र नसतें. कित्येक लहान पेट्रोल गाड्या हवेचा दाब व तापमान यांवरून हिशोब करतात. डिझेल गाड्यांत मात्र धुराचा कांहीं भाग पुन्हां इंजिनांत घ्यावयाचा असतो, आणि किती घ्यावा हें ताज्या हवेच्या वजनावरून ठरतें. म्हणून तेथें तें सर्रास आढळतें.

आणि येथेंच सोलापूरची धूळ पुन्हां आडवी येते. ज्या धुळीनें शहराचें नांव न्यायालयाच्या कागदांत नेलें, तीच या कांट्याची वैरीण होय. तेलकट मळ जळेल. माती कशी जळणार? पापुद्र्यावर तिचा थर बसला कीं वारा थेट लागत नाहीं आणि यंत्र हवा कमी दाखवितें. पेट्रोल गाडींत धुराच्या नळींतील प्राणवायुमापक ही चूक कांहीं काळ सांवरून घेतो. डिझेल गाडींत हवा अपुरी आहे असें समजून संगणक इंधन आंखडतो, चढावर गाडी दमते. शिवाय तो धूर परत घेण्याचें थांबवितो, आणि नत्राचे विषारी वायु रस्त्यावर वाढतात. तपासणीच्या दिवशीं नियमांत बसलेली गाडी अशा रीतीनें चार उन्हाळ्यांनीं, मालकाच्या नकळत, नियमांबाहेर जाते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्यें सुरू झाला तेव्हां महाराष्ट्रांतील शहरांच्या यादींत सोलापूर पुन्हां होतेंच, हें येथें लक्षांत घ्यावें.

या यंत्राची निगा बव्हंशीं त्याच्या पुढच्या हवेच्या गाळणींत आहे. गॅरेजमध्यें कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेनें कागदी गाळणी पुनःपुन्हां झाडण्याची जी रीत आहे, ती काटकसरीची दिसली तरी घातकच. कागदास डोळ्यांस न दिसणारीं छिद्रें पडतात आणि बारीक धूळ सरळ पापुद्र्यावर जाते. सोलापूरसारख्या ठिकाणीं गाडीच्या पुस्तिकेंतील मुदतीच्या आधींच गाळणी बदलणें स्वस्त पडतें. तेल लावलेल्या कापडी गाळणीचें तेलहि पापुद्र्यावर उडतें. कांटा मळलाच तर गाडी बंद करून, तो थंड झाल्यावर खोलावा आणि त्यासाठींच केलेला फवारा दुरून मारून पूर्ण वाळूं द्यावा. कुंचला, फडकें, कारब्यूरेटर धुण्याचें द्रावण आणि कॉम्प्रेसरची नळी यांचा त्यास स्पर्शहि होतां कामा नये. कांट्यापुढील रबरी नळी चिरली असेल तर न मोजलेली हवा आंत शिरते, आणि दोष बिचाऱ्या कांट्यावर येतो. म्हणून ती आधीं पाहावी.

डॅशबोर्डावरील पिवळा दिवा लागण्याची वाट पाहणें मात्र बरें नव्हे. दोष बराच वाढल्यावांचून तो बहुधा लागत नाहीं. लागला आणि तपासणी-यंत्रांत पी०१०१ असा संकेत निघाला तर समजावें कीं कांट्याचा आंकडा हिशोबाशीं जुळत नाहीं. त्याच तपासणी-यंत्रांत हवेचें वजन सेकंदागणिक ग्रॅममध्यें दिसतें. तापलेलें, जागच्या जागीं चालणारें निकोप पेट्रोल इंजिन आपल्या दर लिटर क्षमतेमागें सेकंदास सुमारें एक ते दीड ग्रॅम हवा घेतें. नवी गाळणी बसवितांना हा आंकडा मिस्त्र्याकडून विचारून गाडीच्या वहींत लिहून ठेवला, तर पुढील वर्षीं तुलनेस तो हाताशीं राहतो.