हिमांतील वाट आणि न दिसणारा थकवा

आमची एक भाची नोकरीनिमित्त कॅनडांत, टोरॉन्टो शहरीं, राहते. गेलीं सहा वर्षें ती अशा एका दुखण्यानें ग्रासली आहे कीं, त्याचें नांव घेतांच ऐकणाराच्या मुद्रेवर प्रथम अविश्वास उमटतो आणि मग तोंडांतून उपदेश बाहेर पडतो. पाश्चात्य वैद्यक त्यास ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतें. आपण दीर्घ थकव्याचा रोग म्हणूं. गेल्या माघांत तिचें पत्र आलें. त्यांत तिनें लिहिलें होतें: ‘मामा, ज्या दिवशीं फूटभर बर्फ पडतो त्या दिवशीं कचेरींत येऊं शकत नाहीं असें कळविलें, तर साहेब म्हणतात, साहजिकच आहे. रस्ता कोरडा असतां तेंच कळविलें, तर दुसऱ्या दिवशीं माझ्या तोंडाकडे पाहत राहतात. बर्फ सर्वांना दिसतो, एवढाच काय तो फरक.’ हीं वाक्यें कांहीं केल्या मनांतून जाईनात. म्हणून बर्फाचा आणि थकव्याचा, अशा दोन्ही इतिहासांचीं पानें थोडीबहुत चाळून पाहिलीं. ते दोन्ही एकमेकांच्या शेजारून, परंतु एकमेकांस न ओळखतां, चालत आलेले आहेत असें आढळलें.

महाराष्ट्रांतील बहुतेक वाचकांस बर्फ म्हणजे सरबताच्या पेल्यांतील खडा किंवा चित्रांतील शुभ्र शिखर. हिमवर्षाव झालेल्या शहरांत कामावर जाणें म्हणजे काय, हें समजण्यास त्यांनीं मुंबईचा २६ जुलै २००५ हा दिवस आठवावा. सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या आणि हजारों माणसें कमरेइतक्या पाण्यांतून घराकडे चालत निघालीं. परंतु पाणी ओसरतें. बर्फ तसा ओसरत नाहीं. दिवसा थोडा विरघळतो, रात्रीं पुन्हां गोठतो आणि सकाळीं कांचेसारखा निसरडा होऊन बसतो. भुसभुशीत बर्फांत पाऊल जितकें खोल रुततें तितकी चालण्याची मेहनत वाढते, कारण प्रत्येक वेळीं पाय जणूं खड्ड्यांतून उपसून काढावा लागतो. नुकताच पडलेला बर्फ घनमीटरास सुमारें १०० किलो भरतो. तोच दबला व ओलावला म्हणजे त्याच्या तिप्पट-चौपट. दारापुढील वाट फावड्यानें मोकळी करणें हें धडधाकट माणसाचेंही कंबरडें मोडणारें काम आहे.

या बर्फानें एका मोठ्या शहरास एकदां जो धडा दिला, त्याची हकीकत जरा विस्तारानें सांगण्याजोगी आहे.

रविवार ११ मार्च १८८८ रोजीं न्यूयॉर्कमध्यें पाऊस पडत होता. हिवाळा संपला अशीच सर्वांची समजूत होती. मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ झाला, भयंकर वारा सुटला, आणि सोमवारीं सकाळीं लोक दारें उघडून पाहतात तों रस्ता नाहींसा झालेला! शहरांत सुमारें २१ इंच बर्फ पडला. परंतु वाऱ्यानें तो उडवून भिंतींच्या कडेस असे ढीग रचले कीं, कित्येक घरांच्या खालच्या खिडक्या बुजून गेल्या. तारायंत्राचे खांब कोलमडले व शहर बाहेरच्या जगापासून तुटलें. ईस्ट नदीवर बर्फाचा असा थर साचला कीं, कांहीं लोक त्यावरून चालत नदी ओलांडून गेले.

यांत सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, असें असूनही त्या सकाळीं हजारों लोक कामावर निघाले. कारकून, दुकानांतील नोकर, कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या मुली, सर्व निघाले. एक दिवस न जाणें म्हणजे एक दिवसाचा पगार जाणें, आणि कदाचित् नोकरीही जाणें. घोड्यांच्या ट्रामगाड्या वाटेंतच रुतल्या. उंच खांबांवरून धांवणाऱ्या आगगाड्या मध्येंच अडकून पडल्या व सुमारें १५,००० उतारू त्यांत अधांतरीं कोंडले गेले. कांहीं हुषार लोकांनीं शिड्या आणून लावल्या आणि खालीं उतरण्याचे पैसे घेतले. संकटांतही दुकान मांडणारे लोक सर्व देशांत सारखेच! चार दिवस चाललेल्या या वादळानें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ४०० हून अधिक माणसें मेलीं. त्यांतील सुमारें २०० एकट्या न्यूयॉर्कमधील होतीं.

मेलेल्यांत जो सर्वांत नामांकित, त्याची कथा आमच्या विषयास फार लागू आहे. रॉस्को काँक्लिंग हा एके काळचा सिनेटर, अमेरिकेच्या राजकारणांतील मोठा बलाढ्य पुरुष. वय ५८, शरीर कसलेलें, आणि त्या शरीराचा अभिमानही तसाच. सोमवारीं सायंकाळीं तो वॉल स्ट्रीटवरील आपल्या कचेरींतून निघाला. एका गाडीवानानें ५० डॉलर मागितले; ही लूट आहे असें म्हणून काँक्लिंग पायींच निघाला. बरोबरच्या तरुण वकिलानें वाटेंतील एका हॉटेलांत आसरा घेतला. हा थांबला नाहीं. युनियन चौकांत तो छातीइतक्या बर्फांत रुतला व बराच वेळ तेथेंच अडकून पडला. शेवटीं कसाबसा सुटून मॅडिसन चौकाजवळच्या आपल्या क्लबापर्यंत पोहोंचला व तेथें कोसळला. पुढें तो कांहीं दिवस कामावरही जाऊं लागला. सर्वांस वाटलें, गडी निभावला. मग कानाचें दुखणें सुरू झालें, तें मेंदूपर्यंत गेलें, आणि १८ एप्रिल रोजीं तो वारला. श्रमाचें देणें त्याच दिवशीं चुकतें होत नाहीं, मागाहून मागणी येते, ही गोष्ट थकव्याच्या रोग्यांस चांगलीच माहीत असते. काँक्लिंगचा रोग निराळा होता. पण हिशेबाची रीत ओळखीची वाटते.

या वादळानंतर शहरानें काय केलें तें पाहा. तारा जमिनीखालीं नेण्याच्या कामास जोर आला. न्यूयॉर्कचे मेयर हेविट यांनीं वादळापूर्वीं दीडेक महिना, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, शहरासाठीं जलद रेल्वेची योजना मांडली होती. तेव्हां ती कोणीं फारशी मनावर घेतली नाहीं. वादळानें तिचें महत्त्व पटविलें. १८९७ सालीं बोस्टन येथें व १९०४ सालीं न्यूयॉर्कमध्यें भुयारी रेल्वे सुरू झाली. १८९५ पासून कर्नल वेअरिंग यांनीं न्यूयॉर्कच्या झाडूवाल्यांस पांढरा गणवेश देऊन एक शिस्तबद्ध पलटण उभी केली, व रस्त्यांवरील बर्फ काढणें हें तिच्या कामांत मोडूं लागलें. थोडक्यांत म्हणजे, बर्फांतून वाट काढणें हें ज्याचें त्यानें पाहावें असें राहिलें नाहीं. सार्वजनिक तिजोरीवर तो खर्च पडला. एवढा मोठा पालट झाला, कारण त्या दिवशीं मेयरपासून हमालापर्यंत सर्वांस आपलीं पावलें मोजावीं लागलीं होतीं.

आतां त्याच काळांतील दुसरी हकीकत. त्याच न्यूयॉर्कमधील जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरानें १८६९ सालीं ‘न्यूरॅस्थेनिया’ हा शब्द प्रचारांत आणला. त्याचा अर्थ मज्जातंतूंचें बळ सरणें. १८८१ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें या दुखण्याचीं कारणें दिलीं तीं अशीं: वाफेची शक्ति, तारायंत्र, नियतकालिकें, शास्त्रांची वाढ आणि स्त्रियांचें बौद्धिक कार्य. (मासिकाच्या वाचकांनीं व वाचकिणींनीं सावध असावें.) बिअर्डची उपपत्ति आज कोणी मानीत नाहीं. परंतु त्यानें मज्जाशक्तीस पेढींतील ठेवीची उपमा दिली होती. ती मात्र टिकली. त्याच्या मतें हा सुशिक्षित, बुद्धिजीवी वर्गाचा रोग. मजूर थकला तर तो आळशी. वकील थकला तर तो न्यूरॅस्थेनिक!

उपचारही वर्ग पाहूनच ठरत. फिलाडेल्फियाचे प्रख्यात डॉक्टर वेअर मिचेल श्रीमंत स्त्रियांस दीड-दोन महिने अंथरुणांत निजवून ठेवीत. दूध पाजीत, अंग रगडवीत, आणि वाचन-लेखन व भेटीगांठी बंद करीत. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेनें १८८७ सालीं हा उपचार घेतला, आणि त्यांतून ‘द यलो वॉलपेपर’ ही तिची १८९२ ची सुप्रसिद्ध कथा निघाली. सक्तीच्या विश्रांतीनें बाई वेडी होते, असें तींत दाखविलें आहे. याच फिलाडेल्फियांत १८८३ पासून आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकत होत्या. त्यांच्या जिवावर बेतलें तें दुखणें क्षयाचें. तेव्हां त्यांस या इतिहासांत ओढणें बरोबर नाहीं. तरीही एका शहरांत एकीकडे शक्ति सांठविण्यासाठीं निजविलेल्या धनिक स्त्रिया, आणि दुसरीकडे खालावत चाललेल्या प्रकृतीनें तेथले तीन हिवाळे काढून ११ मार्च १८८६ रोजीं पदवी घेणारी मराठी मुलगी, हें चित्र डोळ्यांपुढून हलत नाहीं. पुढच्याच वर्षीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यास त्यांचा अंत झाला.

विसाव्या शतकांत न्यूरॅस्थेनिया हा शब्द पश्चिमेकडे हळूहळू मागें पडला. माणसें मात्र थकतच राहिलीं. १९४८ च्या शरद ऋतूंत आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, अकुरेरी या लहानशा गांवीं, एक विचित्र सांथ आली. गांवाची वस्ती सुमारें सात हजार; हिवाळ्यांत दिवस तीन-चार तासांचा. प्रथम वाटलें पोलिओ आहे. परंतु पोलिओसारखें कायमचें लुळेपण येईना. उलट स्नायूंचें दुखणें, अशक्तपणा व विलक्षण थकवा जडला, आणि तो जाईना. गांव व आसपासचा भाग मिळून जवळजवळ ५०० माणसें आजारी पडलीं; त्यांत शाळकरी तरुण मुलामुलींचें प्रमाण मोठें होतें. सहा वर्षांनीं कांहीं रोग्यांस पुन्हां तपासलें, तेव्हां त्यांतील बहुतेक पूर्ण बरे झालेले नव्हते. गुडघाभर बर्फांत तीं मुलें शाळेस कशीं गेलीं असतील, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

थंडीमुळें हा रोग होतो असा तर्क मात्र कोणीं करूं नये. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलांत अशीच सांथ आली ती १९५५ च्या जुलैंत, ऐन उन्हाळ्यांत. इस्पितळांतीलच २९२ नोकर आजारी पडले आणि जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत इस्पितळ बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं या रोगास ‘मायाल्जिक एन्सिफॅलोमायलायटिस’ असें जिभेची परीक्षा पाहणारें नांव मिळालें. पुढें १९७० सालीं मॅकेव्हेडी व बिअर्ड या दोन डॉक्टरांनीं (हा बिअर्ड निराळा) जुनीं टिपणें चाळून निकाल दिला कीं, हा सांथीचा उन्माद होता. रोग्यांत स्त्रियांचा भरणा अधिक, हें त्यांचें एक प्रमाण. रोग्यांस त्यांनीं स्वतः तपासलें नव्हतें. या निकालानें रोग्यांचें जें नुकसान झालें तें भरून येण्यास अर्धें शतक लागलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

१९८४-८५ मध्यें नेवाडा राज्यांत, टाहो सरोवराच्या कांठीं, इन्क्लाइन व्हिलेज येथें हेंच दुखणें पुन्हां मोठ्या प्रमाणांत दिसलें. हा प्रदेश बर्फावरील खेळांसाठीं प्रसिद्ध. तेथें धडधाकट माणसें घरांतल्या घरांत चालेनाशीं झालीं. अमेरिकन सरकारचे तपासनीस येऊन गेले. शेवटीं १९८८ च्या मार्चमध्यें ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या नांवाची अधिकृत व्याख्या प्रसिद्ध झाली. मार्च १८८८ आणि मार्च १९८८: योगायोगच, दुसरें कांहीं नाहीं. पण न्यूयॉर्कचा बर्फ आठवड्याभरांत सर्वमान्य झाला होता; थकव्यास नुसतें नांव मिळण्यास, बिअर्डपासून मोजलें तर, एकशें एकोणीस वर्षें लागलीं. आणि तें नांवही असें कीं, ऐकणारा म्हणतो, थकतों तर आम्हीही!

येथेंच सारी चूक आहे. २०१५ सालीं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननें हजारों निबंध तपासून हा गंभीर शारीरिक रोग असल्याचें सांगितलें आणि त्या देशांत ८,३६,००० पासून २५ लक्षांपर्यंत रोगी असावेत असा अंदाज दिला. याचें मुख्य लक्षण थकणें हें नव्हे; श्रमानंतर कित्येक तासांनीं, कधीं एक-दोन दिवसांनीं, सर्व लक्षणें उसळून येतात व झोपेनें भरपाई होत नाहीं, हें आहे. म्हणून ‘रोज थोडें थोडें अधिक चाला’ हा उपदेश येथें घातक ठरूं शकतो. ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनांतून असा वाढत्या व्यायामाचा उपचार २०२१ सालीं काढून टाकण्यांत आला. जवळ असेल तेवढ्याच शिलकींत खर्च भागवावा, हा जुन्या पेढीच्या उपमेचाच मार्ग हल्लीं सांगतात. २०२० नंतर करोनाच्या सांथींतून उठलेल्या कित्येकांस असेंच दुखणें जडलें, तेव्हां कोठें पुष्कळांचे कान टवकारले.

भाचीचा हिवाळ्यांतील हिशेब असा. आठवड्यांतून दोन दिवस कचेरी, मंगळवार व शुक्रवार. बाकीचे घरून काम. सोमवारीं सायंकाळीं कोणतेंही काम नाहीं. मंगळवारीं सकाळीं न्हाणें नाहीं, कारण केस धुण्याची शक्ति बसथांब्यापर्यंत पुरवायची असते. थांबा चारशें पावलांवर. रस्ता साफ करणारें यंत्र मोटारींसाठीं वाट मोकळी करतें व बाजूस सारलेला सगळा बर्फ पायवाटेच्या कडेला टाकून जातें. बस समोर उभी असते आणि मध्यें हा बांध! तो चढून जाणें म्हणजे तिच्या हिशेबांत दुसरीं चारशें पावलें.

गेल्या आठवड्यांत तिचा फोन आला. मंगळवारीं तिकडे लख्ख ऊन होतें, रस्ते कोरडे होते, आणि ती गेली नव्हती. रविवारीं शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या दारापुढील बर्फ तिनें काढला होता. साहेबांस काय कळविलेंस, असें मीं विचारलें.

‘रविवारचा बर्फ आहे, असें कळविलें,’ ती म्हणाली.